शिगेची वाटी

माझी ट्रंक साडेसव्वीस शेर भरली आणि वळकटी सहा शेर. हे मला ठाऊक असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. पण ज्यांच्या घरी मी भाड्याने राहायला गेले, त्यांनी पोटमाळ्यावरची खोली दाखवायच्या आधी माझं सगळं सामान मागल्या अंगणातल्या काट्याला लावलं. "वरच्या फळ्या जुन्या आहेत. तीन मणांच्या वर मी जबाबदार नाही," म्हणाले. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सभ्य माणूस असल्यामुळे लगेच नजर वळवून म्हणाले, "तुमचं अंदाजाने धरतो." किती धरलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि श्रीवर्धनच्या अलीकडच्या त्या गावात मुलींना गणित शिकवायला आले होते. पुढे कितीतरी दिवस तो अंदाज मला डाचत होता.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं. त्यांची उभी हयात आगरदांड्याच्या बंदरावर सुपारी तोलण्यात गेली होती. व्यापाऱ्यांची पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्याने पुकारायचं, की माल गलबतात. तोलाराने पुकारलं ते वजन, त्यावर घेणाराने आणि देणाराने वाद घालायचा नाही, अशी तिथली रीत. नोकरी संपली तेव्हा व्यापाऱ्यांनी शेला-नारळाऐवजी काय हवं म्हणून विचारलं, तर यांनी बंदरावरचा जुना काटा मागून घेतला. तो मोठा लाकडी परड्यांचा काटा मागल्या दारच्या आंब्याला टांगलेला असे. शिवाय घरात सोनाराचा लहान तराजू होताच.

या दोन काट्यांच्या मधे जगातली प्रत्येक वस्तू बसते, असा काकांचा विश्वास होता. कलिंगड कापायच्या आधी तोलायचं आणि खाऊन झाल्यावर सालं-बिया तोलायच्या, म्हणजे पोटात किती गेलं ते कळतं. दर पाडव्याला ते आपल्या चपला तोलत. "यंदा डावी दीड तोळा झिजली, उजवी एकच. चालण्यात खोट आहे," असं म्हणून पुढचे आठ दिवस ते उजव्या पायावर जोर देऊन चालायचे आणि मग कंबर धरून बसायचे. चहा प्यायला बोलावलं की विचारायचे, "साखर अर्धा तोळा की पाऊण?" मी एकदा थट्टेने "चिमूटभर" म्हटलं. त्यांनी मला चिमूट तराजूच्या पारड्यात टाकायला लावली, वजन केलं आणि तेवढीच साखर चहात घातली. तो चहा मला तसाच प्यावा लागला.

आता अशा माणसाला देवाने बायको कशी द्यावी? काकूंनी जन्मात कशाचं वजन केलं नव्हतं. त्यांची एक पितळेची वाटी होती, माहेराहून, तळे गावाहून आणलेली, एका बाजूला पोचा आलेली. तांदूळ तिने, डाळ तिने, गूळ तिने. मीठ-मसाला हाताने. आणि विचारलंच कुणी, तर "चवीपुरतं", "बेताचं", "मावेल तितकं". हे शब्द ऐकले की काका ओटीवरून उठून आत यायचे.

"चवीपुरतं म्हणजे किती गुंजा?"

"तुमची जीभ ठेवा तराजूत, मग सांगते."

"अगं, वाटी हे काय माप आहे? वाटीभर पोहे आणि वाटीभर गूळ यांचं वजन सारखं का? वाटी म्हणजे माप नव्हे, वाटी म्हणजे मत!"

"बरं. मग आज काय, वजन जेवता की मत जेवता?"

काका मत जेवत. दोन वेळा वाढून घेऊन जेवत. पण काकू मापायला बसल्या की ते तिथे थांबत नसत. शुद्ध शाकाहारी माणूस मासळीबाजारातून जसा नाक धरून जातो, तसे ते स्वयंपाकघरातून बाहेर पडत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला वाटी भरताना एकदाही नीट पाहिलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मग किलो आला. शेर, तोळे जायचे आणि किलो, ग्राम यायचे, असं सरकारने ठरवलं आणि गावातल्या बायका गोंधळून गेल्या. वाण्याकडून किलोभर रवा आणायचा, तो आपल्या रोजच्या मापाने किती होणार ते कुणाला कळेना. गावात वजनाचा अधिकारी एकच, म्हणून त्या काकांकडे येऊ लागल्या. काका ओटीवर जुनी आणि नवी वजनं शेजारी शेजारी मांडून बसायचे.

"काका, एक किलो रवा म्हणजे किती वाट्या हो?"

"वाट्यांत मी सांगत नाही. तोळ्यांत सांगतो. शहाऐंशी तोळ्यांना थोडं कमी."

ती बाई बिचारी उभीच. मग आतून, चुलीपाशी बसल्या बसल्या, काकूंचा आवाज यायचा. "आपल्या वाटीने सहा गं! जा, रवा भाजायला घे."

बाई जायची. काका मात्र दिवसभर धुमसायचे. एकदा काकू देवळात गेलेल्या पाहून त्यांनी गुपचूप ती पोचा आलेली वाटी काढली आणि किलोभर रवा मापून पाहिला. काकू आल्याबरोबर त्यांनी ओटीवरूनच विजयाची आरोळी दिली, "साडेसात होतात! सहा नाही, साडेसात! गावाला खोटं सांगतेस तू!"

काकूंनी चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाल्या, "तुमच्या साडेसात, माझ्या सहा." आणि हसत हसत आत गेल्या. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत मास्तरीणबाई? एकच वाटी, एकच रवा, आणि हे उत्तर!" मलाही ते उत्तर तेव्हा कळलं नव्हतं. गणित शिकवत होते तरी.

काकूंचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे नानकटाई. बंदराच्या रस्त्याला चाचांची पावाची भट्टी होती. सकाळचे पाव निघाले की भट्टीच्या उरलेल्या धगीवर गावातल्या बायकांची नानकटाई भाजायची. सामान आपलं, भट्टी चाचांची. काकू तीन डबे भरून पाठवायच्या, एकात तूप, एकात दळलेली साखर, एकात मैदा. चाचा ते परातीत उपडे करून फेटायचे आणि पत्र्यावर लावून भाजायचे. दुपारी डबा परत आला की वेलदोड्याचा वास आमच्या पोटमाळ्यापर्यंत चढायचा. खालून थोड्या करपलेल्या असायच्या, पण तोंडात घातली की विरघळायची. मापाचं विचारलं तर काकू बोटं दाखवायच्या. "एक तूप, एक साखर, दोन मैदा. आहे काय त्यात!"

एका नवरात्राच्या आधी काकू दोन दिवसांच्या तापाने गेल्या. इतक्या चटकन गेल्या की चुलीजवळ निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच होते. काकांनी ते तांदूळ कुणाला उचलू दिले नाहीत. काटा आंब्याला टांगलेला होता, त्याच्या परड्यांत पानं साचली तरी त्यांनी ती झटकली नाहीत. महिनाभर त्या घरात कशाचंच वजन झालं नाही. मला ते शांत घर फार जड गेलं. भाजीवालीशी छटाकभर कोथिंबिरीवरून त्यांनी पुन्हा भांडावं, असं मनापासून वाटायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी मुंबईला दिलेली होती. घरात तिला बायच म्हणायचे. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. आईविना माहेरी बाळंतपण कसं व्हायचं, म्हणून सासरच्यांनी तिला मुंबईतच ठेवायचं ठरवलं होतं. पण काका लाँचने मुंबईला गेले आणि व्याह्यांसमोर हटून बसले. "पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या घरात आई नाही, पण माहेर आहे." शेवटी जावईबापूंनी एक अट घातली. महिन्याभराने मी येऊन पाहीन. तब्येत धरली असेल तर राहू दे, नाहीतर परत नेईन.

बाय आली आणि जेवेनाशी झाली. आजार काही नव्हता. पण त्या स्वयंपाकघरात गेली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. काकांनी आता काटा झटकला. दर सोमवारी तिला आंब्याखाली नेऊन एका परड्यात बसवायचे आणि दुसरीकडे वजनं चढवायचे. बाय दोरी धरून झोपाळ्यावर बसल्यासारखी बसायची आणि काका वजन पुकारायचे, पण बंदरावरच्या आवाजात नाही, अगदी हळू.

"गुंजभर वाढ नाही," ते मला म्हणाले. "येईल तो आणि घेऊन जाईल. आणि नेली तर त्याची चूक नाही."

एका संध्याकाळी बायने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "बाबा, चहाबरोबर आईची नानकटाई असती ना, तर खाल्ली असती."

काका तसेच उठून भट्टीवर गेले आणि चाचांच्या बरणीतली नानकटाई घेऊन आले. बायने एक तुकडा खाल्ला आणि बाजूला ठेवला. "ही चाचांची. आईची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा भट्टीवर, मी शाळेच्या वाटेवर म्हणून सोबत.

"हिच्या नानकटाईचं प्रमाण काय होतं, ते सांगा चाचा. वजनात सांगा."

चाचांनी हातावरचं पीठ झटकलं. "भाऊ, अल्ला कसम, म्या कदी वजन केलंच न्हाय. भाभी तीन डबे धाडायच्या. उपडे केले, फेटलं, भट्टीत टाकलं. तेंच्या डब्यात कवा काय वर-खाली नसायचं, मंग वजन कशापायी करू? तुमी सामान धाडा, म्या भाजून देतो."

मग काका कामाला लागले. उभा जन्म ज्या वाटीला नावं ठेवली ती फडताळातून काढली, पुसली आणि तराजूशेजारी ठेवली. एक वाटी तूप पातळ करून ओतलं, वजन केलं. एक वाटी दळलेली साखर, काठाबरोबर सुरीने सपाट करून, वजन केलं. दोन वाट्या मैदा, तसाच सपाट. ग्रामांत, तोळ्यांत, दोन्हींत. अर्धा दिवस त्यात गेला. दुपारी चाचांचा माणूस पत्राच घेऊन आला. नानकटाया एकमेकींत वितळून पत्राभर एकच थर झाला होता. तो उलथन्याने काढावा लागला.

"तूप जास्त झालं," काका म्हणाले. "बंदरावर माल ओला आला की वजन कापायचं." दुसऱ्या खेपेला त्यांनी तूप निम्म्यावर आणलं. या वेळी नानकटाया वेगवेगळ्या आल्या, गोल आल्या, दिसायला छान आल्या. बायने एक तोंडात घातली आणि गालाला हात लावला. मी एक खाली टाकून पाहिली तर तिचा आवाज झाला. त्यातल्या दोन ओटीवरच्या डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली बसवल्या आणि त्या बाकाने पुन्हा कधी तक्रार केली नाही.

मी हसले. बायसुद्धा हसली. काका हसले नाहीत. तराजूपुढे बसून म्हणाले, "हिने मला एकदा तरी खरं माप सांगायचं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. जावईबापू यायला चारच दिवस राहिले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या आठवड्यात मी बायकडून काकूंच्या त्याच वाटीने साखर उसनी नेली होती. ती परत द्यायची म्हणून त्यांचीच वाटी मागून घेतली, भरली आणि खाली नेऊन काकांच्या हातात ठेवली. सवयीने त्यांचं बोट वाटीच्या काठावरून फिरायला लागलं. वरचा ढीग सपाट करायचा, हे बंदरावरचं काम. मापावर जो डोंगर उभा राहतो ती शीग, आणि ती मोडल्याशिवाय तोलार माप मोजत नाही.

बोट अर्ध्यावर थांबलं.

"ही शीग का ठेवलीत? नेताना एवढी नेलीत?"

"नेताना पण एवढीच दिली होती बायने. आणि काकूंनीच शिकवलंय मला. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात मी सपाट वाटी परत केली तर रागावल्या होत्या. घराच्या उंबऱ्याबाहेर जाणारं माप शीग मोडून द्यायचं नाही म्हणाल्या. शेजारी जावो की भट्टीवर जावो."

"भट्टीवर?"

"भट्टीवरच म्हणाल्या."

काकांनी ती साखर शिगेसकट एका ताटात ओतून ठेवली. मग आत जाऊन रव्याचा डबा आणला, वाटी शिगोशीग भरली आणि तराजूत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. सहा वाट्यांना किलोच्या वजनाशी काटा सम झाला. त्यांच्याच हाताने झाला.

"साडेसात आणि सहा," ते म्हणाले. "खरं सांगत होती. मी बोट फिरवत होतो आणि हिला खोटी म्हणत होतो." मग एकदम ताठ बसले. "मास्तरीणबाई, मैद्याला शीग येते. साखरेला शीग येते. पण तुपाला?"

"पातळ तुपाला कशी येईल?"

"नाही येत! म्हणून हिच्या मापात तूप तेवढंच राहायचं आणि मैदा-साखर वाढायची! मी शीग मोडली म्हणून पहिला पत्रा वितळला!" असं म्हणत ते धोतर सावरत उठले आणि त्याच दुपारी तीन डबे भरायला बसले. वजन या वेळीही केलं, सोडतील कसे? पण आधी शीग, मग वजन. तूप तेवढं काठाबरोबर.

भट्टीवरून डबा आला तेव्हा बाय ओटीवर बसली होती. तिने एक उचलली, चहात बुडवली, खाल्ली. दुसरी न बुडवता खाल्ली. मी आणि काका उंबऱ्यात उभे.

"खालून करपलीय, बाबा," ती म्हणाली.

"आईच्या पण करपायच्या."

"हो. करपायच्याच." असं म्हणून ती रडायला लागली आणि रडता रडता तिने तिसरी घेतली. त्या दिवशी संध्याकाळी ती आपण होऊन आत गेली आणि तिने भाताची पेज करून घेतली, वर मेतकूट.

जावईबापू आले तेव्हा बाय स्वयंपाकघरात बसून काकांशी हुज्जत घालत होती, की एवढं तूप कुणी घालतं का. जावयांनी सगळं पाहिलं, दोन दिवस राहिले आणि सोबत नानकटाईचा डबा घेऊन एकटेच लाँचने परत गेले. पुढच्या सोमवारी काकांनी आंब्याखालून वजन पुकारलं ते थेट बंदरावरच्या आवाजात. आख्ख्या आळीला कळलं.

बायला मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन सांगते न सांगते तोच काका काटा पुसायला लागले. सुईण कंबरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली.

"कुटं? न्हाय हां काका! तान्ह्या लेकराला लोकांडाच्या वजनानं तोलत न्हाईत. दिष्ट लागते. तुमी सुपारी तोला."

काकांनी तेव्हा ऐकलं. पण बारशाच्या दिवशी, सुईण पाटावर बसलेली, जावईबापू मुंबईहून आलेले, सगळी आळी अंगणात जमलेली, तेव्हा त्यांनी एका परड्यात काकूंचं जुनं मऊ लुगडं अंथरलं आणि नातीला त्यात ठेवलं. सुईण उठायला लागली. काकांनी तिला हाताने थांबवलं. वजनं सगळी घरातच होती. दुसऱ्या परड्याशी शिऱ्यासाठी आणलेल्या रव्याचा डबा आणि ती पोचा आलेली पितळेची वाटी होती.

त्यांनी वाटी भरली. शिगोशीग. "लाभ," म्हणाले, कारण शुभाच्या मापात पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "दोन. तीन." दरवेळी शीग सांडू नये म्हणून ते दुसरा हात खाली धरायचे. सोळाव्या वाटीला काटा हलला, डोलला आणि सम झाला. नात झोपलेलीच होती.

"लक्ष्मी सोळा वाट्या!" काकांनी पुकारलं.

जावईबापू मुंबईच्या कचेरीत कामाला. त्यांना राहवलं नाही. "म्हणजे किलोमधे किती, मामा?"

काकांनी शेवटच्या वाटीच्या तळाला चिकटलेले चार कण बोटाने परड्यात झटकले आणि वाटी बायच्या हातात दिली.

"ते मला ठाऊक नाही, जावईबापू. हिच्या आजीचं मत सोळा आहे."